सात माणसं, सहा ओळी : एका घरातला कोविड, एप्रिल 2021

सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातलं हे कुटुंब. घरात सात माणसं, आणि एप्रिल 2021च्या दुसऱ्या पंधरवड्यात सातही जणं आजारी पडली. दोघांना ऑक्सिजन लागला, त्यातल्या एकीला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, सगळे वाचले. त्या दिवसांत अशी घरं गल्लोगल्ली होती, त्यामुळे आजार म्हणून यात जगावेगळं काही नाही. तरी मी हे सविस्तर लिहितो आहे, कारण या घरातलं सगळ्यांत जास्त आजारी माणूस सगळ्यांत शेवटी सापडलं. ते का सापडलं नाही, याची कारणं नंतर मला घराघरांत दिसत राहिली. मी या कुटुंबाचा अनेक वर्षांचा डॉक्टर आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितोय. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घरात आजी, वय 74. थोरला मुलगा 48 वर्षांचा, खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा, आठ वर्षांपासून मधुमेह. त्याला सगळे दादा म्हणतात. त्याची बायको 43 वर्षांची, ती वहिनी. त्यांची कॉलेजात शिकणारी लेक. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, त्याची बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. धाकटा 12 एप्रिलला बायकामुलासह गावी आला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि पुन्हा सगळं बंद होणार अशी कुणकुण होती. 14 एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागलेच.

घर जुनं आहे. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर एक माडी. न्हाणीघर एक, संडास परड्यात एक. गोठ्यात दोन म्हशी. असं घर असलं की विलगीकरणाचे नियम कागदावर जितके सरळ दिसतात तितके पाळता येत नाहीत.

लसीच्या बाबतीत त्या वेळी सरकारी वयोमर्यादेनं घराची तीन भागांत वाटणी करून टाकली होती. साठीवरच्यांना 1 मार्चपासून लस खुली झाली, आजीनं महिनाअखेरीला पहिला डोस घेतला होता. 45 वर्षांवरच्या मधुमेह्यांनाही तेव्हापासूनच मिळत होती, पण दादानं ‘दुकानाची गडबड संपली की घेतो’ म्हणून पुढे ढकललं. वहिनी 43 वर्षांची, म्हणून तिला 1 मेपर्यंत ती मिळणारच नव्हती.

कोण आधी आजारी पडलं

दादाला 14 एप्रिलच्या रात्री ताप आला. 16 तारखेला ग्रामीण रुग्णालयात अँटिजेन टेस्ट, म्हणजे जागेवर झटपट निकाल देणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. धाकट्याला 17 तारखेला ताप, मग तोंडाची चव आणि वास गेला. 18 तारखेला लेकीचा घसा धरला. 19 तारखेला धाकट्या जावेला 102 ताप, आणि लहानग्याला एक दिवस ताप आणि जुलाब. आजीला नुसता खोकला.

गावात बोलबाला झाला तो ‘पुण्यावरनं आणला’ असा. घरातही एकदा शब्दाला शब्द वाढला. यावर मला तेव्हाही बोलावं लागलं आणि इथंही सांगतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार-पाच दिवस जातात. दोन दिवसांत ताप येणं अगदीच अशक्य नाही, पण विरळा. धाकटा आला सोमवारी, दादा तापला बुधवारी. हंगामाच्या तोंडावर दिवसभर ज्या दुकानात माणसं येत-जात होती, तिथून तो दादाकडे आला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण पुण्याच्या माणसावर बोट ठेवणं सोपं होतं. डेअरीवर त्यांचं दूध घेईनात. धाकटी जाऊ दोन दिवस जेवली नाही, तापानं कमी आणि बोलण्यानं जास्त.

19 तारखेला उरलेल्यांची तपासणी झाली. धाकटा, त्याची बायको, लेक आणि आजी पॉझिटिव्ह. लहानग्याची टेस्ट केली नाही, पण लक्षणं असल्यानं तो आजारीच धरला. वहिनीची अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली.

अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह आली आणि माणसाला लक्षणं असतील तर आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली जास्त खात्रीची तपासणी, करावी, हा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) नियम तेव्हाही होता. पण त्या आठवड्यात राज्यात काय चाललं होतं ते आठवा. 18 एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. प्रयोगशाळांवर ताण इतका की दादाच्या घशाचा नमुना दिला त्याचा आरटीपीसीआर रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. आणि वहिनीनं तपासणीच्या रांगेत विचारल्यावर ‘काही त्रास नाही’ असं सांगितलं होतं. त्यामुळे तिचा दुसरा नमुना घेतला गेला नाही. निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडला, आणि त्या क्षणापासून घर सांभाळायचं काम एकटीवर आलं.

तक्ता

मी घरातल्या लेकीला रोजचा तक्ता ठेवायला सांगितला. पोर हुशार आहे, स्वतः तापात असूनही तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटं करून पाठीमागे रकाने आखले. आजाराचा कितवा दिवस, ताप, बसून ऑक्सिजन (बोटाला ऑक्सिमीटर लावून दिसणारी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), सहा मिनिटं चालून ऑक्सिजन, दादासाठी साखर. सकाळ-संध्याकाळ फोटो काढून मला पाठवायची.

यात सगळ्यांत महत्त्वाचा रकाना पहिला, कितवा दिवस. रिपोर्ट कधी आला यापासून मोजायचं नाही, पहिलं लक्षण कधी दिसलं त्यापासून मोजायचं. पहिले पाच-सहा दिवस विषाणू वाढतो, ताप-अंगदुखी असते, बहुतेकांचं तिथंच आटोपतं. ज्यांचं बिघडतं त्यांचं साधारण सातव्या ते दहाव्या दिवसांत बिघडतं, आणि ते फुप्फुसात शरीराच्याच प्रतिक्रियेनं आलेल्या सुजेमुळे. म्हणून एकाच घरात प्रत्येकाचा धोक्याचा आठवडा वेगळा असतो. दादाचा 20 तारखेला सुरू होणार होता, धाकट्याचा 23ला. ‘घरात सगळ्यांना झालाय’ असं एकत्र बोललं की हे हातातून निसटतं.

दुसरं, औषधं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं मला एक प्रिस्क्रिप्शन पाठवलं, व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं, त्यात पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड. मी ते थांबवलं. जून 2020मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं होतं की 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक-तृतीयांशानं आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक-पंचमांशानं कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही, झालं तर नुकसानच. मधुमेह असलेल्या दादानं ते तिसऱ्या दिवशी घेतलं असतं तर साखर कुठं गेली असती!

दादा सातव्या दिवशी, 20 तारखेला संध्याकाळी बसून 93 आणि चालून 89 झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसूनच 91. रामनवमी होती. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजन गळती त्याच दिवशीची, 22 माणसं गेल्याची बातमी दुपारी टीव्हीवर सुरू झाली. इकडे दादाला तालुक्याच्या ठिकाणी ऑक्सिजनचा बेड मिळाला होता, आणि त्या बातमीनं घरातल्यांचा धीर सुटला. ऑक्सिजन मिळाला म्हणजे वाचला, एवढा तरी भरवसा होता, तोही गेला.

दादाचं पुढं ठीक झालं, म्हणून थोडक्यात सांगतो. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर 25 पैकी 11 (आकडा जितका मोठा तितकं फुप्फुस जास्त बाधित). मिनिटाला 4 ते 6 लिटर ऑक्सिजन, स्टेरॉइड, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, साखर 380 वर गेल्यानं इन्सुलिन. 1 मे रोजी घरी.

पण 21 ते 25 एप्रिल या दिवसांत घराचं सगळं लक्ष एका गोष्टीकडे लागलं होतं, रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी इंजेक्शन. केंद्रानं 11 एप्रिलला त्याची निर्यात थांबवली होती, राज्यात वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत थेट रुग्णालयांना होत होतं, तरी नातेवाइकांच्या हातात चिठ्ठ्या पडतच होत्या. सहा कुप्या हव्यात. धाकटा स्वतः आजारी, बाहेर पडू शकत नव्हता, रात्ररात्र फोनवर. सातारा, कराड, सांगली, पुणे, मुंबईतले मित्र. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020मध्येच, मृत्यू कमी होत असल्याचा पुरावा नाही म्हणून, रुग्णालयातल्या रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता. मी ते त्याला सांगितलं. पण ज्याचा भाऊ ऑक्सिजनवर आहे त्याला त्या आठवड्यात हे ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि मी त्याला त्याबद्दल बोल लावत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. घरातले सगळे कान त्या फोनला लागलेले असताना स्वयंपाकघरात काय चाललं आहे हे कुणी ऐकलं नाही.

सातवी ओळ

तक्त्यात ओळी सहा होत्या. पाच पॉझिटिव्ह आणि एक लहानगा. वहिनीची ओळ नव्हती, कारण ती निगेटिव्ह. आशाताई दोन दिवसांआड दारात यायच्या, उन्हातान्हात, स्वतःचं घर जोखमीत घालून. पण त्यांच्या वहीतही नोंदी पॉझिटिव्ह रुग्णांच्याच होत्या. त्या अंगणातून विचारायच्या, वहिनी प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवायची. स्वतःचा कुणी विचारला नाही आणि तिनं सांगितला नाही.

‘ती निगेटिव्ह आहे, तिला लागू नये’ म्हणून तिची अंथरूण-पांघरूण स्वयंपाकघरात हलवली होती. मनात माया होती यात शंका नाही. पण व्यवहारात काय झालं? सहा आजारी माणसांची ताटं, कपडे, गरम पाणी, काढा, आजीचं पथ्य, लहानग्याची पेज, म्हशींचं शेण-पाणी, आणि दादा रुग्णालयात जाईपर्यंत माडीवरच्या त्याच्या फेऱ्या, हे सगळं एका बाईनं केलं. दादा गेल्यावर माडीवर धाकटा राहायला गेला, म्हणजे फेऱ्या तशाच. लेकीनं नंतर मला सांगितलं, ‘काका, आई शेवटी शेवटी जिन्यात मध्येच बसायची. मला वाटलं थकलीय.’ बाकीच्यांना मी सहा मिनिटं चालून आकडा बघायला सांगत होतो. वहिनी ती परीक्षा रोज जिन्यावर देत होती, बोटाला यंत्र न लावता.

26 एप्रिलला संध्याकाळी मी तक्त्याबद्दल बोलायला फोन केला. वहिनीनं उचलला. एक वाक्य बोलून थांबत होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘मला काही नाही हो डॉक्टर, जरा अंग दुखतंय, झोप नाही ना झालेली.’ मी लेकीला फोन द्यायला लावला आणि आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगितलं. 87.

पहिली शंका यंत्राची घ्यायची असते. हात चोळून गरम केला, दुसरं बोट, मग लेकीचं स्वतःचं बोट. लेकीचं 98. परत आईचं, 87. चालून बघायचं नाही असं मी बजावलं. बसल्या जागी इतका कमी असताना चालवणं धोक्याचं.

माणूस 87 वर असताना बोलतो, भांडी घासतो, हे लोकांना खरं वाटत नाही. धाप लागल्याची जाणीव मेंदूला होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. कोविडमध्ये बरेचदा ऑक्सिजन आत जाणं घटतं, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. म्हणून गुदमरल्यासारखं वाटत नाही, फक्त श्वासांची गती वाढते आणि थकवा येतो. आणि जिला थकवा येणं हे रोजचंच आहे, तिच्या थकव्याकडे कोण बघणार?

मग दिवस मोजायला बसलो. ताप तिला आठवेना, ‘अंग कोमट होतं’ एवढंच. शेवटी धाग्याला गाठ सापडली ती सणावरून. रामनवमीला घरच्या पुरता सुंठवडा केला होता, आणि त्याचा वास आला नव्हता. अंगदुखी त्याच्या दोन दिवस आधीपासून. म्हणजे पहिला दिवस 19 एप्रिल, ज्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली तोच. 26 तारखेला आठवा दिवस.

ती रात्र आणि तिचा रिपोर्ट

बेड शोधायला घेतले आणि तोवर तिला पालथं झोपवलं. मानेखाली, छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत आणि नडगीखाली उशा. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस, पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर करायचं नाही. पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोठा असतो, पालथं झाल्यावर तो मोकळा होतो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं याच एप्रिलमध्ये घरी करायच्या या पद्धतीची माहिती दिली होती. पाऊण तासात 87 चे 91 झाले. हा उपचाराला पर्याय नाही, पण त्या रात्री त्यानं वेळ दिला. गावातल्या तरुण मंडळानं 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, आणून दिला. रात्री अकरा वाजता ती पोरं मास्क लावून दारात उभी होती. चार दिवसांपूर्वी याच गल्लीत या घराचं दूध नको म्हणणारेही होते. गाव म्हणजे दोन्ही.

बेडसाठी फोन करताना एक ठरलेला क्रम असतो, तो मी धाकट्याला लिहून दिला: वय, आजाराचा दिवस, हवेवर ऑक्सिजन, मशीनवर ऑक्सिजन, जुने आजार, रिपोर्ट. पाच गोष्टी नीट सांगितल्यावर सहावीला अडत होतं. ‘रिपोर्ट?’ ‘अँटिजेन निगेटिव्ह.’ ‘मग कोविड वॉर्डात कसं घेणार?’ आणि साध्या वॉर्डात, 87 ऑक्सिजन म्हटल्यावर, कोविडच असणार म्हणून नको. दोन्हीकडून त्यांची अडचण खरी होती. कोविड रुग्णालयात दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्टची सक्ती नाही, संशयितांनाही घ्यावं, असं केंद्रानं स्पष्ट केलं ते 8 मे 2021ला. वहिनीला बेड हवा होता 26 एप्रिलला. ज्या कागदानं तिला आठवडाभर कामाला जुंपलं, तोच कागद आता दारात आडवा आला.

वाट निघाली ती एचआरसीटीनं. 27 तारखेला सकाळी रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावून नेली, फिल्मवर दोन्ही फुप्फुसांत कोविडचा ठरावीक पॅटर्न, स्कोअर 25 पैकी 16. त्यावर संशयित म्हणून दाखल केलं. रुग्णालयातली आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली.

मास्कवर 10 लिटरनं भागेना म्हणून दुसऱ्या दिवसापासून बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र. स्टेरॉइड तिला योग्य वेळी मिळालं, कारण आता ऑक्सिजन लागत होता. साखर 290. सुरुवातीला ती स्टेरॉइडची साखर वाटली, पण एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 6.9 आली, म्हणजे मधुमेह आधीपासूनच होता. दादाची साखर दर तीन महिन्यांनी तपासली जायची. त्याच घरात, त्याला पथ्याचं जेवण करून घालणाऱ्या बाईची कधीच नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही.

बायपॅपवर ती सहा दिवस होती. 14 मे, अक्षय तृतीयेला घरी आली, नाकात नळी, मिनिटाला 2 लिटर. त्या सुमारास म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) रुग्ण वाढत होते, म्हणून मधुमेह आणि स्टेरॉइड दोन्ही असलेल्या या दोघांना मी नाक, टाळू, डोळ्याभोवतीची सूज, एका बाजूची गालदुखी रोज बघायला लावली. तसं काही झालं नाही. दोन आठवड्यांत ऑक्सिजन सुटला.

आजीला खोकल्यापलीकडे काहीच झालं नाही, आकडा कायम 96च्या वर. एका डोसानंच तिला वाचवलं असं एका माणसावरून ठरवता येत नाही; पण त्यानंतर गावात लसीसाठी माणसं गोळा करायला आजीचं उदाहरण पुरलं, आणि ते मी आनंदानं वापरलं.

25 मे रोजी राज्य सरकारनं रुग्णसंख्या जास्त असलेल्या 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केलं, साताराही त्यात होता. कारण सांगितलं गेलं ते घरातल्या घरात होणाऱ्या प्रसाराचं. मला ते पटलं, आणि या घरामुळे आणखी एका कारणानं पटलं. विलगीकरण केंद्र शाळेच्या खोलीत का असेना, तिथं गेलेल्या प्रत्येकाच्या नावाची ओळ असते आणि स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं. बायका मात्र तिथं जायला सगळ्यांत नाराज होत्या. घर, गुरं, म्हातारी माणसं कुणाच्या भरवशावर सोडायची, याचं उत्तर कुठल्याच आदेशात नव्हतं. शाळांतल्या संडासांची अवस्था हेही खरं कारण होतं. वहिनीला मी पुढं विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? ती म्हणाली, ‘टेस्ट निगेटिव्ह होती ना माझी. आणि मीपण झोपले असते तर पोरांना कुणी बघितलं असतं?’ पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे. दुसऱ्याला घरानं द्यायला हवं.

जानेवारी 2022मध्ये ओमिक्रॉनची लाट आली तेव्हा घरोघरचे फोन पुन्हा सुरू झाले. घरात किती पॉझिटिव्ह हे विचारण्याआधी मी स्वयंपाक कोण करतंय हे विचारायचो, आणि त्या व्यक्तीचा आकडा आधी मागायचो. काही जणांना तो प्रश्न विचित्र वाटायचा.

वहिनीचे केस जुलैत मूठमूठ गळाले, मग थांबले. फोडणीचा वास ऑगस्टमध्ये परत आला, पण कांद्याचा अजून वेगळाच येतो म्हणते. आजारातून उठल्यावर तीन महिने लस नको असा नियम होता, त्यामुळे पहिला डोस ऑगस्टच्या शेवटी. त्याच दिवशी तिला चालवून पाहिलं: बसून 97, सहा मिनिटांनंतर 94. मधुमेहाची गोळी सुरू आहे. दर तीन महिन्यांनी दोघा नवराबायकोचं रक्त आता एकाच दिवशी तपासायला येतं.